रोमान गोन्सालेस: चौथ्या वजनी गटात जाण्याचा निर्णय चुकला होता का?

पहिली_फेरी

नमस्कार. निकाराग्वाचा मुष्टियोद्धा रोमान गोन्सालेस, म्हणजे ‘चोकोलातितो’, याच्या जुन्या लढती मी गेले काही महिने क्रमाने पाहतो आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. सप्टेंबर २००८ मध्ये योकोहामात युताका निईदाला चौथ्या फेरीत हरवून त्याने मिनिममवेट गटाचे, म्हणजे ४७.६ किलोचे, जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे ४९ किलोचा लाइट फ्लायवेट गट झाला, मग २०१४ मध्ये टोकियोत अकिरा याएगाशीला नवव्या फेरीत हरवून ५०.८ किलोच्या फ्लायवेटचाही किताब झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर निवृत्त झाल्यावर ‘द रिंग’ मासिकाने सर्व वजनी गटांतील सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून त्याला पहिला क्रमांक दिला. इतक्या हलक्या गटातल्या माणसाला हा मान मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये तो ५२.२ किलोच्या सुपर फ्लायवेट गटात गेला, चौथे जगज्जेतेपद मिळवले, आणि २०१७ मध्ये थायलंडच्या श्रीसकेत सोर रुंगविसाईकडून सहा महिन्यांत दोनदा हरला. त्याआधीच्या ४६ लढतींत एकही पराभव नव्हता. फरक जेमतेम १.४ किलोचा. तो फ्लायवेटमध्येच राहिला असता तर अपराजित राहिला असता, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

डावखुरा

१.४ किलो हा हिशेबच मुळात फसवा आहे. वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतले जाते. त्यानंतरच्या चोवीस-तीस तासांत मुष्टियोद्धा पाणी आणि अन्न घेऊन शरीर पुन्हा भरून काढतो, आणि मुळात मोठ्या सांगाड्याचा माणूस त्यात जास्त कमावतो. तराजूवर दोघे सारखे दिसले तरी रिंगणात उतरताना ते सारखे नसतात. गोन्सालेस खालून चढत आला होता, तर समोरची माणसे त्या गटात बसण्यासाठी वरून उतरत होती.

पण माझ्या मते खरे कारण त्याच्या शैलीत आहे. गोन्सालेस एका ठोशात माणूस झोपवणारा कधीच नव्हता. तो छातीला छाती लागेल इतक्या अंतरावर जायचा, बरगडीवर हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), मग हनुवटीखाली अपरकट (खालून वर मारलेला ठोसा), पुन्हा बरगडी असे चार-पाच ठोसे सलग द्यायचा, आणि शेवटच्या ठोशासोबत अर्धे पाऊल बाजूला सरकायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उलट मारण्याआधी अंग वळवावे लागे. ही सगळी रचना एका गृहीतकावर उभी होती: तिसऱ्या ठोशापर्यंत समोरचा माणूस मागे हटेल. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रायन विलोरिया असाच फेरीफेरीने मागे हटत गेला आणि नवव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. ती लढत मी कितीदा पाहिली असेल याची गणती नाही. हलक्या गटातील आक्रमक मुष्टियुद्ध कोणाला शिकवायचे असेल तर मी तीच दाखवीन.

सुपर फ्लायवेटमध्ये माणसे मागे हटेनात. सप्टेंबर २०१६ च्या त्या लढतीत कार्लोस क्वाद्रासविरुद्ध तो गुणांवर जिंकला, पण लढत संपल्यावर त्याचा सुजलेला चेहरा पाहिला तर तो इशारा होता हे कळते. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याचे प्रशिक्षक आर्नुल्फो ओबांदो यांचे निधन झाले. मार्च २०१७ मध्ये श्रीसकेतने त्याला पहिल्याच फेरीत शरीरावरच्या ठोशाने खाली बसवले. पुढे डोक्याला डोके आपटून त्याच्या कपाळावर खोल जखम झाली, सहाव्या फेरीत त्या आपटण्याबद्दल श्रीसकेतचा एक गुणही कापला गेला, आणि तरीही गुण देणाऱ्या तीन पंचांपैकी दोघांनी ११४-११२ असा कौल श्रीसकेतला दिला, तिसऱ्याने बरोबरी दिली. ती लढत गोन्सालेसने जिंकली होती, असे माझे ठाम मत आहे. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या लढतीबद्दल मात्र वाद घालायला जागाच नाही. चौथ्या फेरीत गोन्सालेस पाठीवर पडलेला होता.

आणखी एक गोष्ट बोलकी आहे. याच श्रीसकेतने २००९ मध्ये व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली लढत याएगाशीशी केली होती आणि तो ती हरला होता; ज्या याएगाशीला पुढे गोन्सालेसने हरवले तोच हा याएगाशी. मधल्या वर्षांत श्रीसकेत अंगाने भरला आणि ५२ किलोचा गट त्याचा नैसर्गिक गट झाला. गोन्सालेसचा तो नव्हता.

मातीतला

मी मुष्टियुद्धाचा जाणकार नाही. कोल्हापूरकडच्या एका तालमीत सहा-सात वर्षे कुस्ती केली, त्या अनुभवावर लिहितो. आमच्याकडे हलक्या गटातल्या मुलांना वस्ताद सांगायचे की किलो मोजू नका, स्वतःच्या अंगाशी त्याचा वाटा मोजा. गोन्सालेस ४७.६ वरून ५२.२ वर गेला, म्हणजे जवळपास साडेनऊ टक्के. ८० किलोच्या माणसाच्या मानाने ही साडेसात किलोंची चढण झाली.

तरीही पहिली_फेरी यांच्या ‘राहिला असता तर’ या म्हणण्याशी मी सहमत नाही. एकविसाव्या वर्षी जे वजन सहज राहते ते एकोणतिसाव्या वर्षी अंगावर हाल करून उतरवावे लागते. पाणी तोडून वजन उतरवलेल्या पैलवानाचे पाय शेवटच्या मिनिटात कसे जड होतात हे मी स्वतः भोगले आहे, आणि इथे तर बारा फेऱ्या आहेत.

शिवाय या माणसाच्या चढण्यामागे आलेक्सिस आर्ग्वेयो आहेत हे विसरू नये. निकाराग्वाची राजधानी मानाग्वात त्याला घडवणारे तेच, आणि तीन वजनी गटांत जगज्जेते झालेले तेच. चौथ्या गटासाठी आर्ग्वेयो १९८२ आणि १९८३ मध्ये एरन प्रायरशी दोनदा लढले आणि दोन्ही वेळा फेऱ्या पूर्ण होण्याआधीच हरले. जुलै २००९ मध्ये मानाग्वाचे महापौर असताना त्यांचा मृत्यू झाला. गुरूच्या हातून निसटलेले चौथे पद शिष्याने २०१६ मध्ये मिळवले. निकाराग्वाच्या कोणाही मुष्टियोद्ध्याला तोवर ते जमले नव्हते. १.४ किलोंकडे पाहून त्याने ते सोडून द्यायला हवे होते, असे माझ्याच्याने म्हणवत नाही. प्रायरविरुद्धचा आर्ग्वेयो यांचा दुसरा पराभव ९ सप्टेंबर १९८३ चा, आणि श्रीसकेतविरुद्धचा गोन्सालेसचा दुसरा पराभव ९ सप्टेंबर २०१७ चा, हे मात्र वाचून मन खरोखर जड झाले.

पहिली_फेरी

दोघांचेही मनापासून आभार. आर्ग्वेयो यांचा संदर्भ मला ठाऊक होता, पण त्याचा या निर्णयाशी असा संबंध मी जोडला नव्हता. २०१७ नंतरच्या लढती मी अजून पाहिलेल्या नाहीत, कारण उतरणीचा काळ पाहवणार नाही असे वाटत होते. त्या पाहाव्यात का?

तिसरा_दोर

अवश्य पाहा, कारण तो उतरणीचा काळ नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये टेक्सासमधील फ्रिस्को येथे त्याने तोवर अपराजित असलेल्या इंग्लंडच्या खालिद याफाईला नवव्या फेरीत बाद करून त्याच सुपर फ्लायवेट गटाचे जगज्जेतेपद पुन्हा मिळवले. याफाई अंगाने मोठा होता, आणि तरी मागे हटत होता. डावखुरा यांनी सांगितलेली रचना इथे पुन्हा चालताना दिसते. फरक इतकाच की गोन्सालेस आता सलग पाच ठोसे देण्याऐवजी दोन देतो, सरकतो, आणि मग उरलेले देतो. श्रीसकेतसमोर ज्या क्षणी तो उघडा पडायचा, तो क्षण त्याने अशा रीतीने काढून टाकला आहे.

मार्च २०२१ मध्ये डॅलसला हुआन फ्रान्सिस्को एस्त्रादाशी झालेली लढत सवड काढून, पूर्ण बारा फेऱ्या पाहा. याच एस्त्रादाला त्याने २०१२ मध्ये लॉस एंजेलिसला लाइट फ्लायवेटमध्ये हरवले होते. डॅलसला दोघांनी मिळून अडीच हजारांहून अधिक ठोसे फेकले. एका पंचाने गोन्सालेसला ११५-११३, दुसऱ्याने एस्त्रादाला ११५-११३ आणि तिसऱ्याने एस्त्रादाला ११७-१११ असे गुण दिले. त्या तिसऱ्या गुणपत्रिकेला माझ्या लेखी काहीही आधार नाही, आणि इतक्या वर्षांनीही तिचा राग येतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र मला मार्च २०२२ च्या सॅन दिएगोतल्या लढतीत दिसते. तेव्हा फ्लायवेटचा जगज्जेता हुलिओ सेसार मार्तिनेस एक गट चढून गोन्सालेससमोर आला होता, म्हणजे २०१६ मध्ये जिथे गोन्सालेस उभा होता तिथे या वेळी मार्तिनेस होता. चौतिसाव्या वर्षी गोन्सालेसने त्याला बाराही फेऱ्यांत आपल्या लयीत खेळवले आणि तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर सहज जिंकला. ५२ किलोचा गट तोवर त्याचा झाला होता. डिसेंबर २०२२ मध्ये ग्लेनडेलला एस्त्रादाशी तिसरी लढत झाली, तीही तो अगदी थोड्या गुणांनी हरला. पण सुरुवातीच्या फेऱ्या निसटूनही एका पंचाच्या कागदावर ११४-११४ अशी बरोबरी होती. ती सगळ्यात शेवटी पाहा, आणि उत्तरार्धात त्याचा पुढचा पाय कुठे पडतो याकडे लक्ष ठेवा.