हाताने रंगवलेले मुखवटे : तुमचे अनुभव सांगा

वेंगुर्ल्याची मावशी
भाच्याचा पुण्याहून फोन. ३१ ऑक्टोबरला सोसायटीत हॅलोविन आहे, कोऱ्या रबरी मुखवट्यावर म्हाताऱ्याचा चेहरा रंगवायचाय. "मावशी, अगदी खरा दिसायला हवा." ऐकलं आणि वाडीतला नरकासुर डोळ्यांपुढे आला. चतुर्दशीआधी पोरं रात्री जागून सांगाडा बांधायची, गवत भरायची, पण तोंड रंगवायचं ते आबांनीच. आबा नुसता काळा कधी लावत नसत. गेरूत थोडी काजळी कालवून पातळ करायचे, सुरकुत्यांत सोडायचे आणि लगेच फडक्याने वरचं पुसून घ्यायचे. खळग्यांत तेवढा रंग उरायचा, कागदाला कातडं यायचं. पहाटे तो जाळताना मला रडू यायचं.
कोणी कोणी रंगवलेत मुखवटे? लिहा.

कुडाळकर
रबरावर नुसता अॅक्रिलिक नको, वाकला की तडकून सोलतो. रंगात पातळ लॅटेक्स मिसळा आणि स्पंजाने टिपत जा. एक थर सुकला की दुसरा. बारीक कामाला ब्रश घ्याल तर आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर केस चिकटून ब्रश फुकट. शेवटी टाल्कम पावडर.

घाटाखालचा
लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आमच्या दोडामार्गात बागाच आहेत. पहाटे सालीला काप देतात. चीक गोठू नये म्हणून अमोनिया घालतात, त्यामुळे वास उग्र. खिडक्या उघड्या ठेवून काम करायला सांगा. आणि काहींच्या अंगाला रबर सोसत नाही, भाच्याला आधी विचारा.

सड्यावरची
सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंबा रंगवताना बघत बसले होते मी. पिवळ्यावर लाल असा, जणू फुंकर मारून बसवलाय. कडा कुठेच नाही. चेहऱ्यालाही तेच लागतं. कपाळ पिवळसर, नाक-गाल-कान लालसर, दाढीच्या जागी निळसर करडी झाक. एकच 'स्किन कलर' फासला की चेहरा मेला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवून बघा, सगळं तिथेच आहे.

गुहागरवाली
आमच्याकडे नरकासुर नाही हो, शिमग्यात संकासुर! काळा पोशाख, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. आवाज आला की मी माजघरात. अजून धडधडतं. कुकर झाला, नंतर येते.

घाटाखालचा
गुहागरवाली, यंदा पालखीला येताव काय? आमच्या सुनेचं माहेर तिकडचंच.

गुहागरवाली
या की! घरीच उतरा, आंबोळ्या करते.

मुंबईकर मालवणी
आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिचे हात रंगांनी माखलेले असायचे. धागा वाचून आज तिचीच आठवण. काकी, आबांचो मुखवटो ठेवलास काय गो एकतरी?

वेंगुर्ल्याची मावशी
नाय रे झिला, सगळे जाळले. तसाच रिवाज. पण कागद चिकटवायची चिंचोक्याची खळ आईने शिकवली होती, ती अजून येते.

सड्यावरची
लिहा ना ती! मैद्याच्या खळीला आमच्याकडे लगेच किडे लागतात.

वेंगुर्ल्याची मावशी
चिंचोके भाजून साल काढायची, भिजवायचे, वाटून मंद आचेवर शिजवायचे. सतत ढवळ, गुठळी होते. किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद, पण ते विषारी, पोरांपासून लांब. भांडं वेगळंच ठेव.

कुडाळकर
डोळे, दात आणि खालचा ओठ एवढ्यावरच चकचकीत वार्निश. बाकी चेहऱ्याला चमक आली की प्लास्टिक दिसतं. भाच्याला हे नक्की कळवा, आणि फोटो टाका.