७७७ करूनही कंटेनर नीट चालेना, आणि आता जुने कागदच दिसत नाहीत

कागदवाली

नमस्कार मंडळी. अर्धवट माहिती दिली की मदत करणाऱ्याचा वेळ फुकट जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरात एक जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून चालतो. डेबियन १२ (लिनक्स), डॉकर (अ‍ॅप वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा प्रोग्रॅम), आणि दोन कंटेनर एकाच कंपोज फाइलमध्ये: स्कॅन केलेले कागद लावून ठेवणारं अ‍ॅप आणि त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस. अ‍ॅप रूट (सर्वाधिकारी यूजर, क्रमांक ०) म्हणून चालू नये म्हणून मी कंपोजमध्ये यूजर १०००:१००० दिलाय. डेटाबेसच्या इमेजला (कंटेनर ज्यावरून बनतो त्या तयार साच्याला) मात्र हात लावलेला नाही. माहिती सगळी २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर, /एमएनटी/भांडार/कागद या फोल्डरात. त्यात तीन फोल्डर: साठा, टपाल (नवे स्कॅन इथे टाकायचे) आणि डेटाबेस.

परवा रात्री वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली आहे, त्यामुळे सर्व्हर बंद पडला आणि वीज आल्यावर आपोआप सुरू झाला. सकाळी पाहते तर अ‍ॅप सारखं पडतंय, पुन्हा उठतंय. लॉगमध्ये एकच ओळ: "परमिशन डिनाइड", आणि पुढे साठ्याचा पाथ. सगळीकडे वाचलं होतं तसं मी कागद फोल्डरवर सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकाराने) सीएचमॉड -आर ७७७ केलं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी दिली, आणि दोन्ही कंटेनर रीस्टार्ट केले. एरर गेली. पण अ‍ॅप माझा पासवर्ड घेईना, उलट नवीन अ‍ॅडमिन तयार करा म्हणालं. केला. आत गेले तर शून्य कागद. आधी ६४० होते. नीट चालतंय का बघायला नवे ११ कागद स्कॅन केले, ते व्यवस्थित चढले.

म्हणजे लिहायला जागा मिळतेय, पण जुनं काही नाही. ७७७ मुळे काही उडालं का? त्या ६४० कागदांतल्या बऱ्याचशांची मूळ प्रत आता माझ्याकडे नाही. पोटात गोळा आलाय, खरंच सांगते.

जुना रूट

आधी एक काम करा: डॉकर कंपोज डाउन. आता त्यात काहीही स्कॅन करू नका, काहीही पुसू नका. ७७७ मुळे फाइल उडत नाहीत. तुमचे कागद बहुतेक जसेच्या तसे आहेत, फक्त तुम्ही बघताय ती जागा वेगळी आहे.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला खटकली. कालपर्यंत १००० क्रमांकाचा यूजर त्याच फोल्डरात लिहीत होता. वीज गेल्याने फोल्डरचा मालक बदलत नाही. मग आज अचानक परमिशन का नाकारली गेली? जुन्या फोल्डरची परमिशन बिघडली असं समजण्यापेक्षा हा फोल्डरच नवा आहे, असं समजून बघू.

या तीन कमांडचं आउटपुट द्या:

फाइंडमाउंट -टी /एमएनटी/भांडार/कागद
एलएस -एलएन /एमएनटी/भांडार/कागद
एलएसबीएलके -एफ

पहिलीत मोठा टी. हा पाथ नेमका कुठल्या डिस्कवर पडतो ते ती सांगते. दुसरीत एन विसरू नका, नावं नकोत, आकडे हवेत. कर्नल परवानगी तपासताना नाव बघतच नाही, क्रमांक बघतो. नाव ही पासवर्ड फाइलमधून शोधून दाखवलेली पाटी असते, आणि कंटेनरची पासवर्ड फाइल वेगळी, सर्व्हरची वेगळी. त्यामुळे एकच ९९९ आत "पोस्टग्रेस" दिसतो आणि बाहेर दुसऱ्याच कुठल्या सेवेच्या नावाने दिसू शकतो. नावांवरून भांडत बसलं की तासन् तास जातात.

पोर्ट८०८०

मध्येच लिहितो. ७७७ तात्पुरतं चालतं, पण पोस्टग्रेसच्या फोल्डरवर कधीच करू नका. सुरू होताना तो स्वतःच्या डेटा फोल्डरची परवानगी तपासतो. ७०० (फक्त मालकाला प्रवेश) किंवा (आवृत्ती ११ पासून) ७५० (गटाला फक्त वाचता येईल असं) नसेल तर उठायलाच नकार देतो. नेक्स्टक्लाउडचंही तसंच, डेटा फोल्डर इतरांना वाचता येतो म्हणून तक्रार करतं. घरच्या सर्व्हरवर ७७७ म्हणजे हा फोल्डर ज्या कंटेनरला दिलाय त्यातली कुठलीही बिघडलेली प्रक्रिया तुमचे कागद पुसू शकते. हे धोक्याचं आहे, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

कागदवाली

कंटेनर बंद केले. आउटपुट:

फाइंडमाउंट: टार्गेट "/", सोर्स /डेव्ह/एसडीए२, ईएक्सटी४. म्हणजे ही लॅपटॉपची आतली १२० जीबीची एसएसडी!

एलएस -एलएन: साठा आणि टपाल, दोन्हींचा मालक ०, गट ०, परवानगी ७७७. डेटाबेसचा मालक ९९९, परवानगी ७००.

एलएसबीएलके: एसडीबी१ हा एक्सफॅट. एसडीसी१ हा ईएक्सटी४, आणि त्याच्यापुढे माउंटपॉइंटचा (डिस्क ज्या फोल्डरावर जोडलेली असते त्याचा) रकाना रिकामा.

एक्सफॅट म्हणजे माझा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह. मागच्या पोर्टला लावलेला तसाच राहिला होता. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) मी /डेव्ह/एसडीबी१ असंच लिहिलंय, नोफेलसकट (डिस्क जोडता आली नाही तरी पुढे जा, असा पर्याय).

आता एक कळत नाही. मी सगळ्यावर ७७७ केलं होतं, मग डेटाबेसचं ७०० कुणी केलं?

जुना रूट

सापडलं. घाबरू नका, कागद एसडीसी१ वर सुखरूप असणार.

झालं ते असं. वीज आल्यावर पेनड्राइव्हने एसडीबी हे नाव पटकावलं आणि तुमची डिस्क एसडीसी झाली. ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने पडतात, ती कायमची नसतात. एफएसटॅबने एसडीबी१ माउंट करायचा प्रयत्न केला, तिथे ईएक्सटी४ नव्हतं, म्हणून जमलं नाही. नोफेल असल्यामुळे मशीन न अडखळता पुढे गेलं. /एमएनटी/भांडार उरला नुसता रिकामा फोल्डर, एसएसडीवरचा.

मग डॉकर उठला. कंपोजमध्ये पाथ आखूड पद्धतीने लिहिला असेल, म्हणजे डावीकडे सर्व्हरचा पाथ, अपूर्णविराम (:), उजवीकडे कंटेनरचा, आणि डावीकडचा फोल्डर नसेल, तर डॉकर तो गुपचूप तयार करतो. मालक रूट. तुमचे ० आणि ० तिथून आले.

आता तुमचा प्रश्न. पोस्टग्रेसच्या इमेजमधली सुरुवातीची स्क्रिप्ट रूट म्हणून चालते, फोल्डर ९९९ च्या नावावर करते, ७०० लावते, आणि मग रूटपण सोडून ९९९ होते. रीस्टार्ट केलात तेव्हा तिने तुमचं ७७७ पुन्हा ७०० केलं. त्याआधी, पहाटे, याच स्क्रिप्टने रिकामा फोल्डर बघून त्यात कोरा डेटाबेस उभा केला होता. एकही तक्रार न करता. म्हणून पासवर्ड चालेना. (९९९ हा डेबियनवर बांधलेल्या इमेजचा क्रमांक. अल्पाइन या छोट्या लिनक्सवरच्या इमेजमध्ये तोच यूजर ७० असतो. इमेज बदलली की फोल्डरचा मालक चुकतो तो यामुळेच.)

अ‍ॅपला तुम्ही १००० दिलाय, त्याला रूट होण्याची संधीच नाही. रूटच्या फोल्डरात त्याला लिहिता आलं नाही आणि ते ओरडलं. दोघांत खरं तेच सांगत होतं. ७७७ करून आपण त्याचं तोंड बंद केलं. तुम्ही यूजरची ओळ लिहिली नसती तर अ‍ॅपसुद्धा मुकाट्याने चाललं असतं, आणि एसएसडी भरेपर्यंत तुम्हाला कळलं नसतं.

करायचं एवढंच: एलएसबीएलके -एफ मध्ये दिसणारा एसडीसी१ चा यूयूआयडी (नाव बदललं तरी न बदलणारी ओळख) एफएसटॅबमध्ये घाला, /डेव्ह/एसडीबी१ काढा, सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, मग सुडो माउंट /एमएनटी/भांडार.

कागदवाली

माउंट झालं. साठ्यात एलएस केलं आणि जुनी फोल्डरं एकामागून एक दिसली. जीव भांड्यात पडला.

पण एक चूक झाली. घाई झाली होती, म्हणून माउंट करायच्या आधीच मी कंटेनर पुन्हा चालू केले होते. आता टर्मिनलमध्ये ६४० आहेत आणि अ‍ॅपमध्ये अजूनही तेच ११. दोघांचा पाथ तर एकच आहे!

जुना रूट

पाथ एकच, पण कंटेनरने तो सुरू होताना पकडून ठेवलाय. बाइंड माउंट म्हणजे त्या क्षणी त्या पाथवर जो फोल्डर होता, तो. नंतर तुम्ही सर्व्हरवर त्याच्यावर डिस्क चढवलीत तरी डॉकरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ती आत पोचत नाही. कंटेनर अजून खालचाच, एसएसडीवरचा फोल्डर धरून बसलाय. डाउन आणि अप करा.

त्यानंतर ते ११ कागद. ते डिस्कच्या खाली झाकले गेलेत. काढायचे असे: /एमएनटी/मूळ नावाचा रिकामा फोल्डर करा, मग सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ. साध्या बाइंडमध्ये वर चढवलेल्या इतर डिस्क येत नाहीत, म्हणून /एमएनटी/मूळ/एमएनटी/भांडार मध्ये तुम्हाला खालचा फोल्डर उघडा दिसेल. तिथून फक्त ११ फाइली टपालमध्ये आणा. तो कोरा डेटाबेस चुकूनही जुन्यावर कॉपी करू नका.

कागदवाली

जुना पासवर्ड चालला, ६४० दिसले. ११ फाइली मी एका फोल्डरात घालून तो अख्खा फोल्डर सुडो सीपी -आर ने टपालमध्ये टाकला. अ‍ॅपने अकराही वाचले, यादीत आले. पण टपालमधून ते काढून टाकत नाही, पुन्हा "परमिशन डिनाइड". वाचायला चालतं आणि पुसायला नाही, हे कसं?

जुना रूट

फाइल पुसणं हा त्या फाइलमधला बदल नसतो, तिच्या फोल्डरमधला असतो. फोल्डर म्हणजे नावांची यादी, पुसणं म्हणजे त्या यादीतून नाव खोडणं. म्हणून फाइलवर कितीही परवानगी असली तरी फोल्डरवर लिहिण्याची आणि आत जाण्याची परवानगी लागते. तुम्ही सुडोने फोल्डर आणलात, त्याचा मालक ०. फाइली ६४४ (मालकाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता) असतील, म्हणून १००० ला वाचता आल्या. एलएस -एलएन करून बघा, मग त्या एकाच फोल्डरवर सुडो सीएचओन -आर १०००:१००० (मालक बदलणारी कमांड). वर टपालला किंवा डेटाबेसला लावू नका. सुट्या फाइली आणल्या असत्या तर मालक रूट असूनही पुसल्या गेल्या असत्या, कारण टपालचा मालक १००० आहे.

सावकाश

मी रूटलेस पॉडमन (डॉकरसारखाच, पण रूटशिवाय चालणारा) वापरते, तिथे हेच गणित एक पायरी पुढे जातं. माझ्याकडे सबयूआयडी (कंटेनरमधल्या यूजरांसाठी राखलेले बाहेरचे क्रमांक) १००००० पासून सुरू होतात. कंटेनरमधला ० म्हणजे बाहेर मी स्वतः, १ म्हणजे बाहेर १०००००, आणि आतला १००० म्हणजे बाहेर १००९९९. पहिल्यांदा तो आकडा बघून मला वाटलं डिस्कच बिघडली. पॉडमन अनशेअर सीएचओन १०००:१००० असं चालवलं की आतल्या हिशोबाने मालकी लागते, बेरीज करावी लागत नाही. आणि फेडोरावर क्रमांक, परवानगी सगळं बरोबर असूनही नकार मिळत असेल तर एलएस -झेड बघा, एसईलिनक्सचं (परवानगीवरच्या आणखी एका सुरक्षा-पहाऱ्याचं) लेबल आडवं येत असतं. व्हॉल्यूमच्या पाथपुढे छोटा किंवा मोठा झेड लावतात तो त्यासाठीच. मोठा झेड अख्ख्या होम फोल्डरला मात्र लावू नका, तिथली सगळी लेबलं बदलतात.

कागदवाली

सीएचओन केलं, टपाल रिकामं झालं. आता ६५१.

हे पुन्हा घडू नये म्हणून काय करू? दर वेळी वीज गेल्यावर मीच जाऊन तपासायचं, असं नको आहे.

जुना रूट

माझ्याकडे तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही ठेवतो. डॉकरच्या सर्व्हिसला सिस्टमसीटीएल एडिट करून युनिट विभागात "रिक्वायर्स माउंट्स फॉर" ची ओळ, पुढे /एमएनटी/भांडार. डिस्क नाही तर डॉकर नाही. मग कंपोजमध्ये व्हॉल्यूम लांब पद्धतीने लिहून "क्रिएट होस्ट पाथ" फॉल्स, म्हणजे नसलेला फोल्डर गुपचूप बनणार नाही, कंटेनर सरळ एरर देऊन थांबेल.

तिसरी मला सगळ्यात आवडते. कंटेनर थांबवा, डिस्क अनमाउंट करा, खालचा खोटा कागद फोल्डर काढून टाका (११ कागद डिस्कवर आलेत याची खात्री करूनच), आणि रिकाम्या /एमएनटी/भांडार वर सुडो सीएचॲटर +आय. मग त्या रिकाम्या फोल्डरात रूटलाही काही बनवता येत नाही, पण डिस्क मात्र नेहमीसारखी चढते.

कागदवाली

तिन्ही केल्या. मग डिस्कची केबल मुद्दाम काढून मशीन रीबूट केलं आणि घड्याळ लावून बसले. मशीन लगेच उठलं, डॉकर दीड मिनिट वाट बघून "डिपेंडन्सी फेल्ड" म्हणून थांबला. भांडारमध्ये सुडोने एक फोल्डर बनवून पाहिला, "ऑपरेशन नॉट परमिटेड". केबल लावली, माउंट, सिस्टमसीटीएल स्टार्ट डॉकर, आणि ६५१ च्या ६५१ हजर.

पेनड्राइव्ह तसाच लावून ठेवलाय. डिस्कचं नाव आता एसडीसी झालं तरी माझं काही अडत नाही. आज रात्री डेटाबेसचा डंप आणि साठ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढते, मगच पुढचा गठ्ठा स्कॅनरवर ठेवीन.