मदत हवी आहे: 'मान्य करा, नाहीतर खातं बंद' पॉलिसीविरुद्ध अर्ज कुठे? स्पर्धा आयोग की डेटा बोर्ड?

ग्राहकदिंडी: एका मोठ्या अ‍ॅपने पॉलिसी बदलली आहे. पडद्यावर 'मान्य' एवढं एकच बटण. माहिती त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीकडे जाणार. ग्राहक मंडळातर्फे तक्रार करायची आहे. आयोग म्हणेल हा प्रायव्हसीचा विषय, डेटा कायद्याखालचं बोर्ड म्हणेल मक्तेदारी आमच्याकडे येत नाही, आणि आपण मधल्या मधे. आधी कुठे जावं? एअरटेलच्या प्रकरणातला 2018 चा निकाल आडवा येईल का?

कलमकसाई: मंडळातर्फे म्हणताय, तर आयोगच. स्पर्धा कायद्याच्या कलम 19(1)(अ) खाली ग्राहक संघटनाही अर्ज करू शकते, शुल्क 5,000 रुपये, मुदत घटनेपासून तीन वर्षं.

एअरटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते एवढंच, की तांत्रिक मुद्दे आधी ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ठरवावेत, मग आयोगाने बघावं. व्हॉट्सअ‍ॅपनेही आयोगाच्या अधिकाराला आव्हान दिलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयात एप्रिल 2021 ला आणि ऑगस्ट 2022 ला, मग सर्वोच्च न्यायालयात, तिन्हीकडे ते टिकलं नाही.

अर्ज फसतो तो मांडणीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या 2016 च्या पॉलिसीबद्दलची तक्रार आयोगाने 2017 मध्ये बंद केली होती, कारण तेव्हा वापरकर्त्यांना नकार द्यायला 30 दिवस होते. 2021 च्या पॉलिसीत ती सोय नव्हती. त्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये 213.14 कोटींचा दंड झाला. तेव्हा सगळा भर नकाराच्या सोयीवर द्या. जुना मजकूर, नवा मजकूर आणि नकार दिल्यावर येणारा पडदा, तिन्हींचे तारखेसह स्क्रीनशॉट जोडा. 'गोपनीयतेचा भंग' हा शब्द पहिल्या पानावर नकोच. बाजारपेठ कोणती, त्यात वर्चस्व का, लोक दुसऱ्या अ‍ॅपवर का जाऊ शकत नाहीत, मग कलम 4(2)(अ)(i) खाली अन्याय्य अट, हा क्रम ठेवा.

ग्राहकदिंडी: दुसऱ्या कंपनीला माहिती देणं थांबेल का?

तळटीप: त्यावर फार विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रकरणात आयोगाने जाहिरातींसाठीच्या देवाणघेवाणीवर पाच वर्षांची बंदी घातली होती. अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर 2025 मध्ये दंड ठेवला, बंदी काढली. एका बाजारातल्या वर्चस्वाचा दुसऱ्यात वापर, म्हणजे 4(2)(इ), तोही निष्कर्ष गेला. तुमच्या अर्जातला तोच कच्चा दुवा, बाजारातल्या परिणामाचा पुरावा नसेल तर तो पर्यायी मुद्दा म्हणून ठेवा.

बोर्डाचं म्हणाल तर नोव्हेंबर 2025 मध्ये डेटा कायद्याचे नियम आले तेव्हा संमती आणि हक्कांची कलमं लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत दिली होती. तिथे आधी कंपनीकडे गाऱ्हाणं मांडावं लागतं आणि दंड सरकारी तिजोरीत जातो, तक्रारदाराला भरपाई नाही. स्पर्धा कायद्यात निदान 53एन खाली भरपाईचा अर्ज करता येतो.

कलमकसाई: एक भर. डेटा कायद्याचं कलम 38 म्हणतं, इतर कायदे शाबूत, पण विसंगती आली तर त्या मर्यादेपुरता हा कायदा वरचढ. कंपनीचा वकील हीच विसंगती शोधणार. उत्तर तयार ठेवा: स्पर्धा कायद्याच्या 21ए खाली आयोग बोर्डाचं मत मागवू शकतो, 60 दिवसांत ते द्यावं लागतं, आयोगाने ते विचारात घेऊन कारणं नोंदवायची असतात. युरोपीय न्यायालयाने जुलै 2023 मध्ये जर्मनीच्या फेसबुक प्रकरणात असाच मार्ग सांगितला. स्पर्धा नियामकाने डेटा कायदा तपासावा, पण डेटा नियामकाशी सल्लामसलत करून.

ग्राहकदिंडी: मसुद्यातून 4(2)(इ) मागे सरकवतो. स्क्रीनशॉट आजच काढतो, उद्या पडदा बदललेला असेल.