मदत हवी आहे: जुन्या टाइल्सचे सांधे पुन्हा भरून देण्याचं काम घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

चौदा वर्षं फरशीचं काम करतोय. सगळं नवं काम, नाहीतर जुनं फोडून नवं. हल्ली मात्र दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, "टाइल्स चांगल्या आहेत हो, नुसते सांधे काळे पडलेत. तेवढे भरून द्याल का?" मी नाही म्हणत आलो. मागच्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाचा शब्द मोडवेना म्हणून त्यांचं बाथरूम घेतलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

बघताना काम एका दिवसाचं वाटलं होतं, लागले तीन. भरायला वेळ लागत नाही, सगळा वेळ खरवडण्यात जातो. वरवर ओरखडून त्यावर नवं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, फासलं की काही महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटतात, हे इथल्या कारागिरांना सांगायला नको. निदान दोन-तृतीयांश खोली मोकळी करायलाच हवी. सांधा जेमतेम २ मिलिमीटर रुंद आणि मशीनचं पातंही जवळपास तेवढंच जाड. नळाखालच्या टाइलवर हात केसभर सरकला आणि कडेची झिलई उडाली. मोहरीएवढाच टवका, पण आत तांबडी माती दिसायला लागली. ती टाइल आता बाजारात मिळत नाही. मी स्वतःच गिऱ्हाइकाला दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

खरा त्रास पुढेच झाला. दोन महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल आली. गिऱ्हाइकानं विचारलं, "आता तर सांधे भरलेत, मग पाणी जातं कुठून?" सिमेंटचं ग्राउट पाणी अडवत नाही, ते काम खालच्या वॉटरप्रूफिंगचं, हे मी समजावलं. पण काम झाल्यावर सांगितलेलं खरंही सबबीसारखंच ऐकू येतं. पाणी जायच्या जाळीजवळच्या चार टाइल्स वाजवून पाहिल्या तर आवाज पोकळ, म्हणजे खालून सुटलेल्या. सुरू करण्याआधी वाजवल्या असत्या तर हे काम मी घेतलंच नसतं.

तर विचारायचं असं, की जे हे काम नियमित घेतात ते दर कसा लावतात? क्षेत्रफळावर लावला तर मी बुडतो. १० सेंटिमीटरच्या टाइल्स असतील तर एका चौरस मीटरमध्ये साधारण २० मीटर सांधा निघतो, ६० सेंटिमीटरच्या असतील तर सव्वातीन मीटरच्या आसपास. क्षेत्रफळ तेच, मेहनत सहापट. आणि दुसरं म्हणजे धूळ. या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. माझ्यासोबतचा पोरगा वीस वर्षांचा आहे. लहानशा बंद बाथरूममध्ये त्याला तीन दिवस बसवायचं तर नीट व्यवस्था करूनच.

प्रतिसाद १

दादा, काम घ्या, पण मीटरवर घ्या. मी आधी गिऱ्हाइकासमोर एक मीटर सांधा खरवडून दाखवतो. किती वेळ लागला ते त्यांनाही दिसतं आणि मग दरावरून वाद होत नाही. पात्याजवळ व्हॅक्यूमची नळी धरायला लावा आणि तोंडाला कापडी फडकं नको, घट्ट बसणारा धुळीचा मास्क हवा. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट अजिबात भरू नका, तिथे दोन्ही बाजू हलतात, चीर पडतेच. तिथे सिलिकॉन.

प्रतिसाद २

मी सरसकट घेत नाही. टाइलला टाइल चिकटवून बसवलेली असेल आणि वरून नुसतं व्हाइट सिमेंट फिरवलेलं असेल तर खरवडायला जागाच नसते, तिथे हात जोडतो. सांधे ॲसिडने धुऊन धुऊन खाल्लेले असतील तर भरून देतो, पण ॲसिड बंद करणार असाल तरच, हे स्पष्ट सांगतो. काही जण इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं ग्राउट, मागतात, त्याला डाग धरत नाही हे खरं, पण सांधा पूर्ण मोकळा आणि कोरडा लागतो. वापरातलं बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवायला घरचे तयार आहेत का, ते आधी विचारा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मीटरवर दर आणि समोर एक मीटर खरवडून दाखवणं, हे लगेच सुरू करतो. गळती थांबेल असं मी म्हणत नाही, हेही कोटेशनमध्येच लिहून द्यायचं ठरवलंय. रविवारी एक स्वयंपाकघर बघायला जायचंय, ओट्यामागची भिंत आहे, सांधे ३ मिलिमीटरचे असल्याचं फोनवर सांगितलं. आधी एकेक टाइल वाजवून बघतो, मग इथेच कळवतो.