फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सापडलेली खापरी स्पॅनिश काळातील असेल का? सल्ला हवा आहे

सागरतीर:
नमस्कार. आम्ही फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर मेलबर्नजवळ राहतो. मागच्या आठवड्यात ईशान्येचा वारा सतत लागून राहिला होता आणि त्यामुळे सेबॅस्टियन इनलेटच्या दक्षिणेकडील, वाबासोच्या बाजूच्या पुळणीची बरीच वाळू वाहून गेली. ओहोटीच्या वेळी फिरत असताना वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी एका जाड मातीच्या भांड्याचा तुकडा उघडा पडलेला दिसला. तुकडा तळहाताएवढा आहे, त्याची जाडी सुमारे 11 मिलिमीटर आहे आणि त्याच्या एका टोकाला भांड्याच्या मुखाचा गोलसर, फुगीर काठ निम्म्याहून थोडा अधिक शिल्लक आहे. बाहेरचा रंग फिकट पिवळसर आहे, तुटलेल्या कडेवर आतली माती तांबूस दिसते आणि आतल्या अंगाला बोटांनी ओढल्यासारख्या समांतर वळ्या आहेत.

त्याच्यापासून काही पावलांवर नारळाएवढा एक काळपट, गंजाच्या डागांचा, शिंपल्यांचे तुकडे चिकटलेला जड गोळाही होता. तो आम्ही हलवला नाही. भरतीचे पाणी चढू लागल्यामुळे खापरी मात्र उचलून आणली आणि सध्या ती समुद्राच्याच पाण्यात, झाकणाच्या डब्यात ठेवली आहे. उचलण्याआधी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्रे काढली आहेत आणि फोनवर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवले आहेत.

1715 मध्ये याच किनाऱ्यावर स्पॅनिश जहाजांचा ताफा बुडाला हे इथे सर्वांना ठाऊक असते. ही वस्तू त्या काळातील असू शकेल का, ते कोणाकडून तपासून घ्यावे आणि काही ठिकाणी वाचल्याप्रमाणे ती व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ करावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. ती आपल्याजवळ ठेवता येते का, हेही जाणून घ्यायचे आहे, कारण मुलाला ती शाळेत दाखवायची फार इच्छा आहे.

खाडीकाठ:
ताई, खापरीविषयी जाणकार लिहितीलच. मी आधी त्या गोळ्याबद्दल लिहितो, कारण ते अधिक तातडीचे आहे. तो हलवला नाहीत हे उत्तम केलेत. लोखंडी वस्तू समुद्रात गंजते तेव्हा गंजाच्या भोवती वाळू आणि शिंपले सिमेंटसारखे धरून बसतात, आणि असा गोळा तीनशे वर्षांपूर्वीच्या खिळ्याचा किंवा तोफगोळ्याचा असू शकतो. परंतु 1943 मध्ये फोर्ट पियर्सला अमेरिकन नौदलाचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले होते. किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांना तिथे तयार केले जात असे आणि पाण्यातील अडथळे स्फोटकांनी उडवण्याचा सराव त्या भागातल्या पुळणींवर चालत असे. त्या काळातील न फुटलेला दारूगोळा या किनाऱ्यावर नंतरही मिळालेला आहे. बाहेरून पाहून यातला फरक कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे आजच 911 वर किंवा काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला जागा कळवा आणि त्यांचे लोक येईपर्यंत मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.

मृण्मयी:
तुमचे वर्णन वाचून आणि छायाचित्रे पाहून मला वाटते की हा ऑलिव्ह जार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पॅनिश रांजणाचा तुकडा असण्याची शक्यता बरीच आहे. हे रांजण मुख्यतः सेव्हिलच्या परिसरात चाकावर घडवले जात आणि तेल, दारू, ऑलिव्ह, व्हिनेगर असा सगळा माल त्यांतून अटलांटिकपलीकडच्या वसाहतींत जात असे. त्यांना सपाट बूड नसते, तळ गोल किंवा निमुळता असतो आणि मुख अरुंद असून त्यावर बुचासाठी जाड काठ असतो. जहाजांवरचे हे इतके नित्याचे भांडे होते की सोळाव्या ते अठराव्या शतकातील स्पॅनिश वसाहतींच्या जवळजवळ प्रत्येक उत्खननात त्याचे तुकडे मिळतात. म्हणूनच ते दुर्मीळ नाही, पण ओळखण्यासाठी आणि काळ ठरवण्यासाठी फार उपयोगी आहे.

याच किनाऱ्यावर त्याच्याशी गल्लत होऊ शकेल अशा तीन गोष्टी आहेत, त्या आधी बाजूला काढाव्यात. घरांच्या छपरावरचे अर्धगोल कौल साच्यावर घडवलेले असते, त्यामुळे त्याच्या आत चाकावरच्या वळ्या नसतात आणि त्याची वक्रता एकाच दिशेने जाते. जुन्या सांडपाण्याच्या भाजलेल्या नळाचा घेर सर्वत्र सारखा राहतो आणि त्याला बहुधा आतबाहेर चकचकीत तपकिरी झिलई असते. हल्लीच्या बागेतल्या कुंड्यांची माती एकजीव लाल असते आणि त्यांचे तोंड रुंद असते. तुमच्या तुकड्याची वक्रता मुखाकडून खांद्याकडे दोन्ही दिशांनी फुगत जाते, आत वळ्या आहेत आणि मुख अरुंद दिसते, म्हणून या तिन्ही शक्यता मला दुबळ्या वाटतात.

तरीही दोन गोष्टी पाहून सांगा: काठाच्या बाहेरच्या कडांवरून मोजल्यास मुखाचा अंदाजे व्यास किती येतो, आणि आतल्या बाजूस हिरवट झिलईचा किंवा काळ्या राळेसारख्या थराचा काही अंश दिसतो का? तुकडा पाण्यातून बाहेर फार वेळ ठेवू नका.

व्हिनेगर मुळीच वापरू नका. त्यातील आम्लामुळे मातीतले चुन्याचे कण आणि भांड्यावरची झिलई दोन्ही विरतात, आणि ओळख पटवणारा पुरावाच निघून जातो. तुकडा एकदम वाळवणेही तितकेच घातक आहे, कारण समुद्राचे मीठ भांड्याच्या छिद्रांत शिरलेले असते, पाणी उडाले की त्याचे स्फटिक होतात आणि ते पृष्ठभाग आतून ढलप्या काढत उकलतात. संग्रहालयात अशा भांड्यांना महिनोन्‌महिने पाणी बदलत ठेवून, हळूहळू खारेपणा कमी करत शेवटी शुद्ध पाण्यावर आणतात. तोपर्यंत तुम्ही निवडलेला डब्याचा मार्गच योग्य आहे. फक्त डबा सावलीत ठेवा.

सागरतीर:
मनःपूर्वक आभार. शेरीफ कार्यालयाला गोळ्याची जागा कळवली आहे आणि त्यांनी तो भाग दोरी लावून बंद केला आहे. मुखाचा व्यास बाहेरून सुमारे 9 सेंटीमीटर येतो. काठाचा छेद जवळजवळ गोल आहे. आत झिलई नाही, परंतु वळ्यांच्या खोबणीत काळसर, चिकटून बसलेला थर आहे. तो मी खरवडलेला नाही.

मृण्मयी:
तो थर तसाच राहू द्या. आता या तुकड्यातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. दारू झिरपू नये म्हणून रांजणाला आतून राळ किंवा डांबरासारखा लेप देत, आणि प्रयोगशाळेत त्याच्या रासायनिक घटकांवरून तो कशाचा आहे ते कळू शकते.

काळाबद्दल सांगायचे तर फ्लोरिडातील पुरातत्त्वज्ञ जॉन गॉगिन यांनी 1960 मध्ये या रांजणांचे आद्य, मध्य आणि उत्तर असे तीन टप्पे मांडले आणि आजही थोड्याफार फरकाने तेच वापरले जातात. आद्य टप्प्यातील भांडी लहान, पातळ आणि कानांची असतात. मध्य टप्प्यात, म्हणजे साधारण 1580 ते 1780 या काळात, भिंती जाड होतात, कान नाहीसे होतात आणि मुखाचा काठ कड्यासारखा गोल व फुगीर होतो. तुमचा काठ या मधल्या टप्प्याशी जुळतो. यावरून काळाची चौकट दोनशे वर्षांची मिळते, त्यापेक्षा बारीक उत्तर केवळ काठावरून मिळणार नाही. कोणी तापदीप्तीची, म्हणजे भांडे शेवटचे कधी तापवले गेले त्याचा अंदाज देणारी, चाचणी सुचवील. पण तिच्यासाठी भोवतीच्या मातीतील किरणोत्साराचे मोजमाप लागते आणि येणारे उत्तरही काही दशकांनी मागेपुढे सरकते, त्यामुळे एका सुट्या तुकड्यासाठी तो खर्च करू नये असे माझे मत आहे.

जागेबद्दल मला विशेष उत्सुकता आहे. 24 जुलै 1715 रोजी हवानाहून निघालेला उबिल्या आणि एचेवेर्स या स्पॅनिश सेनानींचा ताफा 31 जुलैच्या पहाटे वादळात सापडला. त्यातील 11 स्पॅनिश जहाजे बुडाली आणि सुमारे हजार माणसे गेली. वाचलेल्यांनी याच पट्ट्यात किनाऱ्यावर छावणी केली आणि पुढे काही वर्षे तिथूनच बुडालेली चांदी काढण्याचे काम चालले. छावणीच्या जागेवर आता मॅक्लार्टी संग्रहालय उभे आहे. तुमचा तुकडा जहाजातून लाटांनी आणलेला आहे की किनाऱ्यावरच्या माणसांच्या वापरातला, हे त्याच्या कडांवरून कळण्याजोगे आहे: कडा गुळगुळीत झिजलेल्या असतील आणि त्यावर सागरी किड्यांची कवचे असतील तर तो पाण्यातून आला, आणि कडा तीक्ष्ण असतील तर तो टेकडीतूनच निसटलेला असण्याचा संभव अधिक. दुसरी गोष्ट खरी असेल तर त्या टेकडीत अजूनही बरेच काही जागच्या जागी असेल. तिथे कोणी खोदू नये एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

नाखवा:
मी कोकणातला. इथल्या अनुभवावरून एक सावधगिरीची गोष्ट मांडतो, कारण तो आतला काळा लेप वाचून ती आठवली. घारापुरी आणि संजाण इथे मिळालेल्या आतून डांबर लावलेल्या खापऱ्या घ्या. पश्चिम भारतातील अशा कित्येक खापऱ्या अनेक वर्षे रोमन मद्यकुंभांच्या म्हणून समजल्या जात होत्या. पुढे त्यांची माती आणि घडण बारकाईने तपासली गेली, तेव्हा त्यांतील पुष्कळ मेसोपोटेमियातून आलेल्या टॉर्पेडो जार नावाच्या भांड्यांच्या ठरल्या. म्हणजे आत लेप आहे आणि भांडे निमुळते आहे, एवढ्यावरून देश ठरत नाही. ताईंच्या तुकड्याला काठ आहे ही मोठी जमेची बाजू आहे, तरी मातीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सेव्हिलचे नाव पक्के लिहू नये.

टिपणवही:
कायद्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. फ्लोरिडात सरासरी भरतीरेषेच्या खालची जमीन राज्याची असते. तिच्या वरची पुळण उद्यानाची, काउंटीची किंवा खासगी असू शकते, म्हणून तुम्ही नोंदवलेली जागा नकाशावर नेमकी कुठे पडते ते आधी पाहावे. राज्याच्या जमिनीवर टाकून दिलेल्या ऐतिहासिक वस्तूंची मालकी राज्याकडे असते. परवान्याशिवाय अशी वस्तू नुसती उचलून नेणे हादेखील राज्य कायद्याच्या प्रकरण 267 खाली गुन्हा आहे, आणि खोदून काढणे तर त्याहून गंभीर गुन्हा आहे. ताफ्याच्या बुडालेल्या अवशेषांचे पाण्यातील हक्क न्यायालयाने एका खासगी कंपनीकडे दिलेले आहेत, ती बाब आणखी निराळी. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजूनही सुट्या वस्तू नोंदवून स्वतःकडे ठेवण्याची राज्याची योजना सांगितलेली आढळते. ती नद्यांतील वस्तूंसाठी होती आणि 2005 मध्ये बंद झाली, तिच्या भरवशावर राहू नका. आपल्यापैकी जे व्हिसावर आहेत त्यांनी तर ही वस्तू घरी ठेवण्याचा, विकण्याचा किंवा सुट्टीत भारतात नेण्याचा विचारही करू नये.

माझा सल्ला असा की टॅलाहॅसी येथील राज्याच्या पुरातत्त्व संशोधन विभागाला स्वतःहून ईमेल करावा आणि त्यात अक्षांश-रेखांश, तारीख, जागेची व पट्टीसह तुकड्याची छायाचित्रे आणि तो का उचलला याचे कारण हे सर्व लिहावे. भरती चढत होती ही गोष्ट आवर्जून लिहा.

मृण्मयी:
टिपणवहींच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा. त्याच ईमेलची प्रत फ्लोरिडा पब्लिक आर्किऑलॉजी नेटवर्कलाही पाठवा. वेस्ट फ्लोरिडा विद्यापीठाची ही संस्था सामान्य नागरिकांना सापडलेल्या गोष्टींविषयी मार्गदर्शन करण्यासाठीच आहे आणि तिची माणसे शाळांतही जातात. गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा नॅचरल हिस्टरी म्युझियमने स्पॅनिश वसाहतकालीन भांड्यांचा छायाचित्रसंग्रह संकेतस्थळावर खुला ठेवला आहे, त्यात ऑलिव्ह जारचे काठ टप्प्यांनुसार पाहायला मिळतात. मुलाला सोबत घेऊन आपला काठ त्यांच्याशी ताडून पाहा. नाण्यांच्या दुकानदाराकडे किंवा लिलाववाल्यांकडे मात्र जाऊ नका. ते किंमत सांगतील, ओळख नाही.

सागरतीर:
नकाशावर पाहिले, जागा भरतीरेषेच्या किंचित वर, काउंटीच्या सार्वजनिक पुळणीत येते. खापरीच्या कडा दोन बाजूंनी तीक्ष्ण आणि एका बाजूने झिजलेल्या आहेत, कवचे कुठेच नाहीत. दोन्ही ठिकाणी आजच लिहिते आणि खापरी त्यांच्या स्वाधीन करण्याची तयारी कळवते. मुलाला ती शाळेत नेता येणार नाही हे समजावले आहे. त्याने काठाचे मोजून केलेले चित्र मात्र नेता येईल. एकच शेवटची शंका: उत्तर येईपर्यंत डब्यातील पाणी बदलावे का?

मृण्मयी:
काही दिवसांत उत्तर आले तर तेच पाणी राहू द्या. फार लांबले तर पूर्ण पाणी न बदलता थोडे काढून तेवढेच साधे पाणी घाला, आणि काढलेले पाणी गाळून त्यात राळेचे कण आले आहेत का ते पाहा. आले असतील तर ते स्वच्छ काचेच्या बाटलीत वेगळे ठेवा आणि त्यावर तारीख लिहा.