डॉल्फिनच्या क्लिकमध्ये संदेश लपवताना अंतरांच्या आलेखावरून तो पकडला जातो, उपाय सुचवा

नमस्कार मंडळी,

पाण्याखालच्या छुप्या ध्वनी-संपर्काचं सिम्युलेशन करते आहे आणि एका जागी अडले आहे. सिग्नल प्रोसेसिंगवाल्यांची मदत हवीच आहे, पण डॉल्फिनचं रेकॉर्डिंग हाताळणाऱ्यांची त्याहून जास्त.

खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी लगेच विरतात, म्हणून भिस्त ध्वनीवर. नेहमीचा मोडेम हायड्रोफोनवर (पाण्याखालच्या मायक्रोफोनवर) लगेच ओळखू येतो. पातळी गोंगाटाखाली दाबली तर पल्ला घटतो. म्हणून आवाज दणदणीतच ठेवायचा, पण प्राण्याचा वाटेल असा. अमेरिकी नौदलाने १९७० च्या दशकात ‘कॉम्बो’ प्रकल्पात देवमाशांच्या आवाजांवर हे करून पाहिलं. पुढे चीनमधल्या हार्बिनच्या संशोधकांनी डॉल्फिनची शीळ सिंक्रोनायझेशनला (दोन्ही टोकांची वेळ जुळवायला) आणि क्लिकमधलं अंतर (दोन टक-टक आवाजांमधला वेळ) माहितीला वापरलं. मीही तेच धरलं आहे.

दोन क्लिकमध्ये किमान ४० मिलिसेकंद, त्यावर २ मिलिसेकंदांचे १६ टप्पे. प्रत्येक अंतरात ४ बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० बिट. मॅच्ड फिल्टरने (आलेला सिग्नल क्लिकच्या माहीत असलेल्या नमुन्याशी ताडून) शिखरं स्वच्छ सापडतात.

घोळ पुढे आहे. खऱ्या डॉल्फिनचं क्लिकमधलं अंतर सहसा हळूहळू बदलतं; भक्ष्याजवळ जाताना आटत जातं आणि शेवटी बझ (क्लिकची सलग गुणगुण) होतो. माझे बिट यादृच्छिक, त्यामुळे अंतर ४० वरून ७०, परत ४४ अशा उड्या मारतं. ऐकणारा फसेलही, पण अंतरांचा आलेख काढणारा नाही.

म्हणून खऱ्या मालिकेचा उतार तसाच ठेवून त्यावर ०.५ मिलिसेकंदाच्या आतले फरक चढवले. आता उथळ पाण्यात पृष्ठभागाचे आणि तळाचे प्रतिध्वनी कित्येक मिलिसेकंद रेंगाळतात, पहिलं शिखर कुठलं तेच कळत नाही. शिवाय प्रेषक ३ मीटर प्रतिसेकंद वेगाने सरकला तरी ५० मिलिसेकंदांत ०.१ मिलिसेकंदाचा फरक डॉप्लरमुळेच पडतो.

शिळेवरून चॅनेल (पाण्यातली ध्वनीची वाट) ओळखून टाइम-रिव्हर्सल (उलट वेळक्रमाने प्रतिध्वनी एकत्र आणणं) लावावं म्हटलं, तर शीळ बहुतांशी ५ ते २० किलोहर्ट्झमध्ये आणि क्लिकची ऊर्जा त्याच्या कितीतरी वर. मग क्लिकच्याच पट्ट्यात वेगळा पायलट (वाट मोजायचा ठरलेला सिग्नल) हवा का? की बिट शिळेच्या वळणातच (स्वराच्या चढउतारात) घालावेत?

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बॉटलनोज डॉल्फिन स्वतःची ओळख सांगणारी शीळ घालतात, ओळखीच्या डॉल्फिनच्या शिळेची नक्कलही करतात. त्यामुळे कुणाची खरी शीळ समुद्रात वाजवायला मन घेत नाही. कृत्रिम वळणाची शीळ वापरली तर ती कळपातल्या कुणाशी जुळत नाही, हे कसं तपासता?