जिलेटिन घालायचं की नाही?

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशांसाठी घरी वाटून गोठवायचं खाद्य जिलेटिनशिवाय जमतं का, असं विचारलंत. जमतं, पण वितळल्यावर चुरा पाण्यात पसरतो. मी घालतो. कोमट पाण्यात विरघळतं, त्यामुळे कच्चं मांस शिजत नाही. अगर-अगर (शेवाळापासून बनणारा, तसाच घट्ट करणारा पदार्थ) मात्र उकळावं लागतं.

कोल्हापुरात समुद्र नाही, घाट चढून येणारी कोकणची मासळीच आपली. कोळंबी, माकूल, थोड्या तिसऱ्या घ्या. मीठ-मसाला लावलेलं काही नको. बर्फाचं पाणी गाळून टाका आणि दोनदा धुवा, नाहीतर फॉस्फेट वाढून शेवाळ माजतं. टँगसाठी (हा शेवाळ खाणारा मासा) बिनमसाल्याची नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागदासारखे पापुद्रे, कात्रीने बारीक कापून त्यातच मिसळा.

मिक्सर मात्र जपून! पहिल्या वेळी मी चटणीसारखं गुळगुळीत वाटलं. टाकल्या टाकल्या टाकी ताकासारखी पांढरी आणि स्किमरचा (पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राचा) कप फेसानं भरून खाली सांडला. आता झटके देत फिरवतो. क्लाउन माशाच्या तोंडात मावेल एवढा तुकडा दिसला की बंद. (घरात त्या भांड्यावर माझं नाव लिहिलंय, खोबरं वाटायला ते कुणी घेत नाही.)

झिप पिशवीत भाकरीएवढं पातळ थापून गोठवा, चॉकलेटसारखं मोडतं. वितळलेलं परत गोठवू नका. लाइट जास्त वेळ गेली तर आधी पिशवी बघा, मग आइस्क्रीम.